बंद डबीचे सहा तास

आमच्या ऑफिसात तिला सगळे पुन्हाताई म्हणतात. तोंडावर ताई, माघारी पुन्हाताई. प्रोग्राममधली एखादी चूक दुरुस्त करून आम्ही छाती फुगवून तिला सांगायला गेलो, की ती चष्मा वर सरकवून म्हणणार, "छान झालं. पुन्हा एकदा चालवा बरं." चालवलं, बरोबर आलं, तरी परत तेच, "पुन्हा." हे नाव मीच पाडलं आणि पाडताना त्यात कौतुकाचा अंशही नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो.

ती आमच्याकडे आली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. त्याआधी एकोणीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. एका जड पेशंटला कुशीवर वळवताना तिच्या पाठीत कळ गेली, ती कायमचीच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उभ्याचं काम बंद. हॉस्पिटलने तिला नाव नोंदवायच्या खिडकीवर बसवलं. तिथे समोरून पेशंट जात-येत, पण तिच्या हाताला काही काम नाही. तीन वर्षं तिने ती खिडकी सोसली. मग एक दिवस नवऱ्याला म्हणाली, मी शिकते काहीतरी, आणि सॉफ्टवेअर तपासायचा नऊ महिन्यांचा कोर्स करून आली, निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर पहिल्या बाकावर बसून.

मुलाखतीत आमच्या मालकांनी विचारलं, "इथेच का?" तर म्हणाली, "जाहिरातीत औषध हा शब्द होता." मालक एकदम खूश. मी नाही. मला झरझर कोड लिहिणारा माणूस हवा होता आणि समोर खुर्चीत पाठीमागे टॉवेलची गुंडाळी ठेवून बसलेली बाई होती.

आम्ही गोळ्यांची डबी बनवतो. नाव डबी, पण आकार चांगला जेवणाच्या डब्याएवढा. आत अठ्ठावीस कप्पे. गोळीची वेळ झाली की दिवा लागतो, घंटी वाजते आणि एकच कप्पा उघडतो. बाकी सगळे बंद, म्हणजे विसराळू माणूस एकच गोळी दोनदा घेणार नाही. पहिल्या चाळीस डब्या गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका वृद्धनिवासात जायच्या होत्या. तिथले बरेच आजी-आजोबा कंपवाताचे. त्या आजारात गोळीला तास-दोन तास उशीर झाला तर काहींना खुर्चीतून उठणंसुद्धा जड जातं.

आता अशी डबी तपासायची तर महिनाभर तिच्यासमोर मांडी ठोकून बसायला हवं. तेवढा वेळ कुणाकडे आहे? म्हणून आम्ही डबीचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर चालवतो आणि त्याला खोटं घड्याळ देतो. त्याने "किती वाजले?" विचारलं की आपल्याला हवे तितके वाजवायचे. चार तास गेले म्हटलं की गेले. हे खोटं घड्याळ मी लिहिलं होतं आणि मला त्याचा कोण अभिमान. महिन्याभराच्या गोळ्या माझं घड्याळ पापणी लवायच्या आत वाटून मोकळं व्हायचं.

पहिल्याच दिवशी मी तिला ते चालवून दाखवलं. ती बघत राहिली.

"म्हणजे महिन्याचा पेशंट आला काय, गेला काय," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात हवे होतात तुम्ही."

मला वाटलं, स्तुती आहे. मी मान डोलावली.

पुढचे सहा महिने तिने माझं डोकं खाल्लं. बाकीचे लोक चूक सापडली की चार ओळींत मुद्दे लिहितात. ही वॉर्डातल्यासारखी हकीगत लिहायची. रोज संध्याकाळी निघताना माझ्या टेबलावर वही उघडी: "डबी क्रमांक तीन. सकाळपासून शांत. दुपारी घंटी दोनदा वाजली, दुसऱ्यांदा कारण नसताना. डबी क्रमांक सात. बंद करून चालू केल्यावर जरा गोंधळलेली वाटते. लक्ष ठेवावे." यंत्र गोंधळलेलं कसं वाटेल? मी ती पानं वाचायचो आणि दात-ओठ खायचो. तिला एका टेस्टला जितका वेळ लागे तितक्यात दुसरा कुणी पाच लिहून चहाला जाऊन आला असता.

ती सहा महिन्यांच्या बोलीवर होती. मुदत संपत आली तेव्हा तिला कायम करायचं की नाही, हे मी लिहून द्यायचं ठरलं. शुक्रवारपर्यंत. आणि त्याच शुक्रवारी चाळीस डब्या रवाना व्हायच्या होत्या. हे तिलाही ठाऊक होतं. एकदा नळाखाली कप विसळताना ती म्हणाली होती, "इथून गेले तर पुन्हा ती खिडकी, सर." रडगाणं म्हणून नाही, आपलं आज हवा गरम आहे म्हणावं तसं. मी हं म्हणून बाहेर पडलो होतो.

त्या आठवड्यातल्या सोमवारी ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"सर, वीज जाऊन आल्यावर डबी चुकते, असं मला वाटतंय."

"ताई, त्याची टेस्ट आहे. हिरवी आहे." पास झालेली टेस्ट हिरवी दिसते, नापास झालेली लाल. आमच्या चारशे बारा टेस्ट होत्या आणि सगळ्या हिरव्यागार.

"त्या टेस्टमध्ये वीज किती वेळ जाते?"

"जाते आणि येते."

"किती वेळाने येते?"

"अहो, टेस्ट आहे ती. लगेच येते."

"म्हणजे शून्य वेळ."

"शून्य."

"माझ्या घरी आजपर्यंत शून्य वेळ वीज गेलेली मला आठवत नाही," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

तिला कटवायला मी म्हणालो, मग लिहा तशी टेस्ट. डबी बंद करा, सहा तास पुढे ढकला, चालू करा. ती गेली. बुधवारी सकाळी परत आली, आणि चेहऱ्यावर आनंद नाही.

"लिहिली. हिरवी आली."

"झालं तर मग!"

"पण खोटी हिरवी आहे, सर." तिने वहीचं पान माझ्यापुढे धरलं. पानावर एक चौकोन, चौकोनात एक गोल घड्याळ. "तुमचं खोटं घड्याळ डबीच्या प्रोग्रामच्या आत राहतं. मी डबी बंद केली की त्याचाही जीव गेला. मग मी 'सहा तास गेले' म्हणते, ते ऐकायला कुणी नाहीच. डबी चालू झाली की नवं घड्याळ जन्माला येतं आणि बंद होताना जी वेळ होती तिथूनच पुढे चालायला लागतं. माझे सहा तास हवेत गेले."

मी ते पान बघितलं. खरं सांगायचं तर मला ते कळलं. पण दोन दिवसांवर शुक्रवार होता, मालक दर तासाला येऊन "जमतंय ना?" विचारत होते, आणि शिवाय ते घड्याळ माझं होतं. मी म्हणालो, "मग तो घड्याळाचा दोष झाला, डबीचा नाही. डबी बरोबर आहे. डब्या जाऊ देत, मग बघू."

ती जेवायला गेल्यावर मी तिच्या टेस्टवर 'वगळा' अशी खूण केली. अशी खूण असली की टेस्ट चालतच नाही. लगोलग तिच्याबद्दलचा कागदही लिहून टाकला. "काम प्रामाणिक. गती नाही. कायम करू नये, असे वाटते." मालकांना पाठवला आणि हात झटकले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

ती परत आली आणि वगळलेली टेस्ट तिला लगेच दिसली. निघायच्या वेळी वही बंद करून पिशवीत टाकली, टेबलावर ठेवलीच नाही.

गुरुवारी सकाळी दहाला ती तपासणीच्या फळीवरची एक खरी डबी घेऊन आली आणि तिने ती माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. पडद्यावर होतं: पुढची गोळी ४ तासांनी. म्हणजे दुपारी दोनला. तिने बटण दाबून डबी बंद केली आणि वायरही काढून घेतली.

"चार वाजता चालू करू," ती म्हणाली.

"ताई, उद्या डब्या जायच्यात. काय चाललंय हे?"

"खोट्या घड्याळात सहा तास मला घालवता येईनात. म्हणून खरेच घालवते. तुमच्या कामात काही अडत नाही, ती आपली बसेल तिथे."

आणि खुशाल आपल्या जागी जाऊन दुसऱ्या टेस्ट चालवायला लागली. माझं मात्र कशात लक्ष लागेना. ती डबी आपली कोपऱ्यात गप्प. ऑफिसखालच्या चष्म्याच्या दुकानातून गिऱ्हाइकांचं अक्षरं वाचणं ऐकू येत होतं. अकरा वाजले, बारा वाजले. सहा तास किती लांब असतात ते मी कित्येक वर्षांत विसरलोच होतो. दोन वाजले तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, आत्ता घंटी वाजायला हवी होती. बंद आहे म्हणून वाजली नाही, ते ठीक. पण चालू झाल्याबरोबर वाजेल. वाजायलाच हवी. मग मी माझाच कोड डोळ्यांपुढे आणून मनात वाचायला लागलो आणि साडेतीनच्या सुमाराला एका ओळीशी येऊन अडकलो.

चारला तिने वायर जोडली, बटण दाबलं. वरच्या कोपऱ्यात वेळ बरोबर दिसली, चार. आतल्या चिमुकल्या सेलने तेवढं सांभाळलं होतं. आणि खाली ओळ होती: पुढची गोळी ४ तासांनी.

दोनची गोळी रात्री आठला मिळणार होती.

याचं कारण मीच. भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ डबीत असते, पण ती कुणीही चुकून बदलेल, या धास्तीने मी गोळीचा हिशेब दुसऱ्या एका मोजणीवर बांधला होता. ही मोजणी डबी चालू असेल तोवर पुढे सरकते. बंद होताना डबी 'चार तास बाकी' असं लिहून ठेवायची आणि जागी झाली की चारपासूनच सुरुवात करायची. मधला काळ तिच्या लेखी घडलेलाच नसे. आणि माझ्या खोट्या घड्याळाच्या लेखीही नसे. दोघांनी संगनमताने मला हिरवं दाखवलं होतं.

मला राग आला होता. तो तिच्यावरचा नाही हे कळायला थोडा वेळ गेला.

ती खुर्ची ओढून टॉवेलाशिवायच बसली. आवाज एकदम हळू, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा.

"भुलीतून उठलेला माणूस हमखास विचारतो बघा, 'सिस्टर, ऑपरेशन कधी सुरू करणार?' त्याला वाटतं, आत्ताच डोळे मिटले. त्याचं काही चुकत नाही. पण भिंतीवरचं घड्याळ त्याच्याबरोबर झोपत नाही ना. तुमचं घड्याळ पेशंटच्या पोटात आहे, सर. ते तेवढं भिंतीवर टांगा."

मी उठलो तो थेट मालकांच्या खोलीत गेलो. उद्या डब्या जाणार नाहीत म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. तारीख दिली, लोकांना शब्द दिला, आता तोंड कसं दाखवू? मग त्यांनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला.

"या बाईंना गती नाही असं तुम्हीच लिहिलंत. त्यांच्यामुळे अडलं ना? मग तसं सांगून टाकू तिकडे. तपासणीला उशीर झाला."

पळवाट आयती समोर होती. मी 'हो' म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. तीही काही बोलली नसती, हे मला ठाऊक होतं, आणि त्यानेच माझी जीभ अडखळली.

"उशीर माझ्यामुळे झाला," मी म्हणालो. "डबीतली चूक माझी. ती लपवणारं घड्याळ माझं. त्यांनी ती शोधली, तर मी ती टेस्ट बंद केली. आणि हा कागदही चुकीचा आहे."

मालकांनी कागद परत स्वतःकडे ओढला. "अहो, मग मी कायम कुणाला करू आणि काढू कुणाला?"

"ताईंना कायम करा. माझं तुम्ही ठरवा."

त्यांनी कागद फाडला, दोन आठवडे दिले आणि वर पुटपुटले की खरं बोलायला लोकांना नेमका गुरुवारच कसा सापडतो. मला काढायचा विषय मात्र पुढे कधी निघाला नाही.

तिला नोकरी कायम झाल्याचं पत्र सोमवारी मिळालं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "चला, घड्याळ बाहेर काढू या."

ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. घड्याळ डबीच्या बाहेर काढलं. आता डबी बंद पडली तरी ते चालतं. पण नव्याने सगळ्या टेस्ट चालवल्या तर पडद्यावर लाल रंगाचा नुसता सडा. त्यातल्या सदतीस खऱ्या चुका निघाल्या, म्हणजे इतके दिवस हिरव्या दिसणाऱ्या. बाकीच्या टेस्ट का नापास झाल्या ते कळेना. शेवटी उलगडलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. घड्याळ आता मरतच नव्हतं. पहिल्या टेस्टने महिना पुढे ढकलला, की दुसरी टेस्ट तिथून सुरू. चारशे बारा टेस्ट, चारशे बारा महिने. शेवटच्या टेस्टमधली बिचारी डबी चौतीस वर्षं पुढच्या तारखेत जन्माला येत होती आणि हजारो गोळ्या थकल्या म्हणून ठणाणा घंटी बडवत होती.

"प्रत्येक पेशंटला धुतलेली चादर," पुन्हाताई डोळे पुसत म्हणाली. "पण तोच पेशंट झोपून उठला म्हणून लगेच चादर बदलायची नाही." तसं केलं. दर टेस्टला नवं घड्याळ, पण टेस्टच्या पोटात डबी कितीही वेळा बंद-चालू झाली तरी घड्याळ तेच. डबीलाही शिकवलं: जागी झालीस की आधी विचार, मी किती वेळ झोपले होते? उत्तर विचित्र आलं, वेळ उलटी गेलेली दिसली, तर मनानेच कप्पा उघडू नकोस, माणसाला हाक मार. या दोन आठवड्यांत मी तिच्या शेजारी बसून काम केलं, आणि सांगतो, तिच्याइतकं बारीक काम मी कुणाचं पाहिलेलं नाही. गती म्हणजे काय, याचा मी नव्याने विचार करायला लागलो.

डब्या गेल्या. महिना-दीड महिना झाला असेल. एक दिवस दुपारी वृद्धनिवासातल्या सिस्टरचा फोन आला. घंटीचा आवाज फार मोठा आहे, एका आजी दचकतात, तो कमी कसा करायचा? मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला आणि पुन्हाताईने त्यांना बटणं समजावून सांगितली. फोन ठेवता ठेवता सिस्टर सहज म्हणाल्या, "बाकी छान चाललंय. आज पहाटेपासून साडेदहापर्यंत वीज नव्हती आमच्याकडे."

मी ताठ बसलो. पुन्हाताईचा हात टेबलावर होता, तो तसाच थांबला.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय? वीज आली. आमच्याकडे कंपवाताचे एक आजोबा आहेत, पूर्वी ड्रायव्हर होते, त्यांची गोळी अकराची असते. डबीने दिली, त्यांनी घेतली आणि आत्ता पत्त्यांत मला दोनदा हरवून बसलेत. पत्तेही स्वतः पिसले हो."

"अकराची अकराला दिली?"

"अकराची अकराला. का हो, काही होणार होतं का?"

"नाही, नाही," पुन्हाताई म्हणाली. "आजोबांना सांगा, बाकीच्यांनाही जिंकू द्या." आणि फोन बंद केला.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मी आपला पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाठ गेली ना सर, त्या दिवशी मला वाटलं, संपलं," ती म्हणाली. "आता आपल्या हातून कधी कुणाला औषध जायचं नाही. त्या खिडकीत बसून मी रोज हेच म्हणायचे." तिने ग्लास घेतला, पण प्यायली नाही. माझ्याकडे बघितलं. "आज त्या आजोबांना गोळी मीच दिली, असं म्हटलं तर चालेल का हो?"

"तुम्हीच दिलीत, ताई," मी म्हणालो. "अगदी वेळेवर दिलीत."